सोनोग्राफी फक्त बाळ बघायला नसते



ध्वनीचा पाठ शिकवताना वटवाघळाचं उदाहरण आपण सगळेच देतो. मी त्याला जोडून सोनोग्राफीचं नाव घेतलं, तर एक मुलगी पटकन म्हणाली, "बाई, ते तर पोटातलं बाळ बघायचं मशीन!" चूक तिची नाही. आपल्याही डोळ्यांसमोर तेच येतं, आणि सोबत गर्भलिंग निदान होत नसल्याची ती पाटी.

पण समजा, पुणे-सोलापूर महामार्गावरचा एखादा जखमी दवाखान्यात आणला. बाहेरून खरचटलेलं तेवढं दिसतं, आत मात्र रक्तस्राव चालू असू शकतो. रक्तदाब घसरलेल्या माणसाला सीटी स्कॅनसाठी हलवणं धोक्याचं. तेव्हा अपघात विभागातला डॉक्टर खाटेजवळच मशीन आणून दोन-तीन मिनिटांत एकच प्रश्न सोडवतो: नको तिथे रक्त साचलंय का?

या तपासणीला 'फास्ट' म्हणतात. पावसाचं पाणी शाळेच्या मैदानातल्या खड्ड्यात साचतं ना, तसंच उताण्या झोपलेल्या माणसाच्या पोटात रक्त सखल जागी जमतं. यकृत आणि उजव्या मूत्रपिंडाच्या मध्ये, डावीकडे प्लीहेभोवती, खाली मूत्राशयाच्या मागे. चौथी जागा हृदयाभोवतीच्या आवरणाची. आपल्याला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. या लहरी त्याच्या कितीतरी पुढे, दहा लाखांच्या पटीत. पातळ रक्तातून त्या सरळ पुढे जातात, परत येत नाहीत, म्हणून तो भाग पडद्यावर काळा दिसतो. हवा मात्र त्यांना अडवते. ते थंड जेल त्यासाठीच लावतात.

आता हे शिकायचं कसं? आपल्या सोलापूरचं शासकीय मेडिकल कॉलेज १९६३ पासूनचं, पण आपत्कालीन वैद्यकशास्त्राच्या एमडीला भारतात मान्यता मिळाली २००९ मध्ये. म्हणजे ही शाखा तशी नवीच. निवासी डॉक्टर आधी निरोगी माणसांवर, बऱ्याचदा एकमेकांवरच, सराव करतात. नेहमीचं चित्र डोळ्यात बसल्याशिवाय बिघडलेलं कसं ओळखणार? प्रोब पेन्सिलीसारखा धरायचा, करंगळी अंगावर टेकवायची, म्हणजे हात घसरत नाही. (पहिलीच्या वर्गात मी हेच रोज सांगते!) मग खरे रुग्ण, आणि प्रत्येक चित्र वरिष्ठांकडून तपासून घ्यायचं. अमेरिकेतली आपत्कालीन डॉक्टरांची संघटना एकेका प्रकारासाठी २५ ते ५० तपासण्यांचा सराव सुचवते.

मशीन हवं तिथे नेता येत नाही, हेही लक्षात घ्या. १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यामुळे त्याची नोंदणी लागते. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच, देशात सर्वांत आधी, असा कायदा केला होता. डॉक्टरांना कागदपत्रांचा त्रास होतो खरा, पण आपल्या जिल्ह्यांत मुलींची संख्या पाहिली की मला तो जाच वाटत नाही.

पालकांनो, एक गोष्ट मुद्दाम सांगते. थोडंसंच रक्त असेल तर 'फास्ट'मध्ये दिसत नाही. मुलांमध्ये तर यकृताला किंवा प्लीहेला मार लागूनही कधीकधी रक्त बाहेर आलेलं नसतं. त्यामुळे सायकलचं हँडल पोटात घुसलं आणि "सोनोग्राफी नॉर्मल आहे, तरी रात्रभर ठेवू" असं डॉक्टर म्हणाले, तर ते उगाच बिल वाढवतायत असं समजू नका. काही तासांनी ते प्रोब पुन्हा ठेवून बघतील.