‘दॅन’ की ‘टू’?

इंग्रजीत तुलना करताना ‘टॉल’सारख्या आखूड विशेषणाचं ‘टॉलर’ होतं, ‘ब्यूटिफुल’सारख्या लांबलचक विशेषणाआधी ‘मोअर’ येतं. दोन्ही एकदम नको: ‘मोअर टॉलर’ आज चूकच. शेक्सपिअरच्या काळी अशी दुहेरी रूपं चालत. रॉबर्ट लाउथनं १७६२च्या आपल्या व्याकरणात ती अयोग्य ठरवली.

मराठी मुलं खरी अडखळतात ती पुढे. ‘पेक्षा’ दिसलं की ‘दॅन’ लावायचं, एवढंच पाठ असतं. पण ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’ ही लॅटिनमधून आलेली विशेषणं ‘टू’ मागतात: ‘शी इज सीनिअर टू मी’. त्यांच्याआधी ‘मोअर’ही नको. हे शाळेतच घोटून घ्यायला हवं, कारण नोकरीच्या अर्जात नेमकी हीच चूक डोळ्यांत खुपते. ‘प्रिफर’ या क्रियापदालाही ‘टू’च: ‘आय प्रिफर टी टू कॉफी’.