लोकरीच्या हातोड्या

पियानोचं झाकण उघडून आत डोकावलात ना पोरांनो, तर आधी निराशाच पदरी येईल, कारण ज्याचं एवढं नाव ऐकलं त्या वाद्याच्या पोटात निघतं काय, तर लाकूड, ओतीव लोखंडाची चौकट, सव्वादोनशेच्या आसपास पोलादी तारा आणि दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या हातोड्या. सुतार, लोहार आणि धनगर एका पारावर बसून जमवतील असलं सगळं सामान. तारा मात्र अशा ताणलेल्या की सगळ्यांचा मिळून ओढा वीस टनांच्या घरात जातो, आणि ती लोखंडी चौकट नसती तर लाकडाचा केव्हाच चुराडा झाला असता.

आता गंमत बघा. पट्टी दाबली की हातोडी उसळते खरी, पण तारेला लागण्याच्या केसभर आधी ती पट्टीपासून सुटते आणि उरलेली वाट आपल्याच वेगाने काटते. गोफणीतून सुटलेला धोंडा जसा. राखणदार माळ्यावर उभा राहून कितीही ओरडला, तरी एकदा सुटलेला धोंडा काही वळायचा नाही. त्यातून सूर जन्मला की लागलीच विरायला लागतो. आपला सतारिया तार ओढून मींड घेतो, एका सुरातून दुसऱ्यात हळूच नेतो. इथे तीही सोय नाही. मग वाजवणाऱ्याच्या हाती उरलं काय? धोंडा किती जोरात सोडायचा आणि नेमका कधी सोडायचा, एवढंच. बरं, पायाखालचं पेडल दाबून सूर थोडा घुमवता येतो, तेही धरा हवं तर.

एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर माणूस काय करतो ते ऐका. व्लादिमीर होरोविट्झ म्हणून एक बहाद्दर होता, 1903 सालचा. 1925 मध्ये तो सोव्हिएत देश सोडून बाहेर पडला, पुढे अमेरिकेचाच झाला, आणि परत तिथे वाजवायला गेला तो थेट 1986 मध्ये, 82 वर्षांचा होऊन. म्हातारा मोठा लहरी. मैफल रविवारी दुपारी चारलाच, पियानो न्यूयॉर्कच्या आपल्या घरातलाच, मग तो विमानात घालून मॉस्कोला न्यावा लागला तरी बेहत्तर, आणि ताटातला मासाही मनासारखाच. असे लाड पुरवून घेणारा म्हातारा नुसता बघायलासुद्धा मी गेलो असतो! 20 एप्रिलला मॉस्को कॉन्झर्व्हेटरीचं मोठं सभागृह खच्चून भरलं, आणि तिकीट न मिळालेली संगीत शिकणारी पोरं पहारेकऱ्यांना रेटून आत घुसली.

मोझार्ट झाला, राखमानिनोव झाला, स्क्रियाबिन झाला, बोटांची सगळी करामत झाली. मग वन्स मोअरला म्हाताऱ्याने काढली शुमानची ‘ट्रॉयमेराय’. 1838 सालची, जेमतेम तीन मिनिटांची, थोडी वर्षं शिकलेल्या पोरालाही वाजवता येईल इतकी साधी चीज. आणि करामतीला जे जमलं नाही ते हिने केलं. चित्रफितीत दिसतं, श्रोत्यांतले एक गृहस्थ निश्चल बसलेत आणि गालावरून थेंब ओघळतोय, तो पुसायचंही त्यांना भान नाही.

हीच चीज का, म्हणाल. तर दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत देशाची अडीच कोटींहून जास्त माणसं गेली, आणि 1965 पासून दर 9 मे रोजी टीव्हीवर त्यांच्यासाठी जे मौन पाळलं जाई, त्यात हेच सूर असत. व्होल्गोग्राडच्या टेकडीवरच्या स्मारकातही तेच वाजतात. नियतीचा खेळ बघा, एका जर्मनाने बालपणाच्या सयीने लिहिलेली चीज जर्मनांशी लढता लढता मेलेल्यांच्या वाट्याला आली. त्या गृहस्थांना कोण आठवलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पण नुसत्या सुरांनी माणूस असा हलतो तरी कसा? माँट्रियलच्या ॲन ब्लड आणि रॉबर्ट झटोरे या मेंदूच्या दोन अभ्यासकांनी 2001 साली दहा जणांना सांगितलं, जे ऐकून तुमच्या अंगावर काटा येतो ते संगीत घेऊन या. एकाने राखमानिनोवचा तिसरा पियानो कॉन्चेर्टो आणला. काटा आला तेव्हा मेंदूत बघतात तो चांगलंचुंगलं खाल्ल्यावर जे भाग जागे होतात तेच इथेही जागे, पण एकाचं आवडतं दुसऱ्याला ऐकवावं तर दुसरा ढिम्म! त्याच गावच्या 2011 च्या प्रयोगात आणखी एक नवल निघालं. सुखावणारं डोपामिन हे द्रव्य मेंदूत दोनदा पाझरतं, एकदा आवडती जागा आली की आणि त्याआधी एकदा, ती येणार येणार म्हणून वाट बघतानाच. मला वाटतं, म्हाताऱ्याची खरी पुंजी ती ‘कधी’ होती. पुढचा धोंडा अर्धा श्वास उशिरा सोडला की ऐकणाऱ्याचा जीव तेवढा वेळ टांगून राहतो.

आणि लोकांना असं रडवून म्हाताऱ्याने पुढे काय केलं? मोशकोव्स्कीची ‘ठिणग्या’ नावाची खट्याळ, भुरभुर पळणारी चीज घेतली आणि वर एक पोल्का वाजवून मैफल उठवली.