पुढच्या चाकाचे दुखणे

मोटारसायकल घ्यायला निघालेला गृहस्थ दुकानात तीन प्रश्न हमखास विचारतो: किंमत काय, लिटरला किती पळते आणि रंग कोणकोणते? पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना ज्या दोन नळ्या उभ्या असतात, त्यांची चौकशी करणारा ग्राहक मी तरी अजून पाहिलेला नाही. आमच्या वरुडात मात्र या नळ्यांचे मोल पहिल्या पावसाळ्यातच कळते.

सातपुड्याच्या पायथ्याचा हा आमचा संत्र्यांचा मुलूख. कौतुकाने याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. पण बागेत जायचे तर पांदण तुडवल्याखेरीज गत्यंतर नाही. इथली काळी माती पावसात लोण्यासारखी होते. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर तीत चाकोऱ्या पाडतात आणि आंबिया बहाराची फळे उतरू लागतात त्या दिवाळीच्या सुमारास त्याच चाकोऱ्या वाळून विटेसारख्या टणक होतात. अशा वाटेवर मोटारसायकल हाकायची म्हणजे पुढच्या नळ्यांची सत्त्वपरीक्षाच!

ही यंत्रणा तशी साधी आहे. एका नळीत दुसरी नळी सरकते. आत एक लांब स्प्रिंग आणि थोडे तेल. धक्का झेलते ती स्प्रिंग; पण ती एकटी असती तर चाक चेंडूसारखे उड्या मारीत राहिले असते. तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते, म्हणून ती उडी आवरते. १९३५ साली बीएमडब्ल्यू कंपनीने आपल्या आर-१२ आणि आर-१७ या गाड्यांना तेलाचा असा फोर्क बसवला आणि पुढे जगभर तीच रीत पडली. आपल्याकडे २०१६ साली आलेल्या हिमालयनच्या पुढच्या चाकाला खाली-वर व्हायला २०० मिलिमीटर जागा होती. २०१९ च्या एक्सपल्स २०० ला १९०. शहरी गाडीला यापेक्षा पुष्कळच कमी जागा असते.

माझ्या मावसभावाच्या गाडीच्या नळ्यांवरचे रबरी भाते फाटून गेले होते आणि डाव्या नळीवर तेलाचा ओला पट्टा दिसत होता. मी म्हटले, हे बरे नाही. तर तो म्हणाला, "चालून राह्यली न गाडी, मंग?" पण ब्रेकची तबकडी त्याच बाजूला होती आणि रोज सकाळी याच गाडीवर त्याची लेक शाळेत जाते. तबकडीला तेल लागले की ब्रेक ऐनवेळी दगा देतो. मी त्याला त्याच दिवशी मेस्त्रीकडे नेले.

मेस्त्रीचे काम पाहण्यासारखे होते. जुने, काळे पडलेले तेल त्याने काढले, नळी सपाट काचेवर लोळवून वाकली नाही ना हे पाहिले, गंजाचे खड्डे बोटाने चाचपले. नवे ऑइल सील चढवताना नळीच्या धारेने ते कापू नये म्हणून तोंडाशी प्लास्टिकची पिशवी गुंडाळली. तेल मोजून भरले, दांडा सावकाश खाली-वर करून हवा बाहेर काढली. मग स्प्रिंग बाहेर ठेवून, नळी पूर्ण दाबून, तेलाची पातळी वरून मोजली. दोन्ही नळ्यांत ती सारखीच हवी! तेलाने भिजलेले ब्रेक पॅड मात्र त्याने सरळ बदलले.

नळ्या टीमध्ये सारख्या उंचीवर बसवून चाक लावल्यावर त्याने एक्सलचा बाजूचा आवळबोल्ट लगेच घट्ट केला नाही. पुढचा ब्रेक धरून हँडल पाच-सहा वेळा खाली दाबले. त्यामुळे दोन्ही नळ्या आपापल्या जागी समांतर बसतात. मग बोल्ट आवळला.

राहिले जुळवणे. चाक अधांतरी असताना नळीची उघडी लांबी मोजावी; मग चालवणाऱ्याने बसावे, दुसऱ्याने गाडी सरळ धरावी आणि पुन्हा मोजावी. एकूण जागेच्या पाव ते एक तृतीयांश इतकी गाडी खाली बसली तर ठीक. जास्त बसली तर स्प्रिंगवरचा ताण वाढवावा, कमी बसली तर घटवावा. ज्या गाडीला त्यासाठी बाहेरून स्क्रू नसतो, तिला आतल्या ठोकळ्याची लांबी बदलावी लागते. ते काम जाणत्या मेस्त्रीचेच. किरकोळ मुलाची गाडी आणि धिप्पाड काकांची गाडी एकसारखी जुळत नाही, हे मात्र घरोघरी ठाऊक असावे.

एरवीची निगा अगदी घरगुती आहे. चिखल वाळण्याआधी नळ्या मऊ, ओल्या फडक्याने पुसाव्यात, कारण वाळलेली माती सील कुरतडते. जोराच्या फवाऱ्याचे पाणी थेट सीलवर मारू नये. तेल गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीत बदलावे आणि चिखलपाण्यात गाडी फार हिंडत असेल तर त्याआधीच.

दसऱ्याला हँडलला बांधलेला झेंडूचा हार एव्हाना सुकला असेल. तो काढताना भाता वर सरकवून नळीवरून एकदा बोट फिरवावे. कोरडे लागले तर उत्तम. तेल लागले तर फराळ उरकून मेस्त्री गाठावा. आणि तोवर पोरांना मागे बसवू नये.