मध्यम दर्जाच्या व्हिडिओ गेमांचे समीक्षण

मध्यम दर्जाच्या व्हिडिओ गेमांचे समीक्षण ही संज्ञा, ज्या गेमांना समीक्षकांनी उत्कृष्टही ठरवले नाही आणि टाकाऊही ठरवले नाही, अशा गेमांवरील निर्णयांसाठी वापरली जाते. हे निर्णय बहुधा अंकांत दिले जातात. दहाच्या पट्टीचा गणिती मध्य पाच असला, तरी इंग्रजी भाषेतील नियतकालिकांत व संकेतस्थळांत सामान्य गेमाला सहसा सहा किंवा सात गुण मिळतात. 'सात गुणांचा गेम' हा शब्दप्रयोग त्यामुळेच खेळाडूंमध्ये रूढ झाला. तो कधी हिणवण्यासाठी, तर कधी आपुलकीने वापरला जातो. वाचक या निर्णयांकडे फारसे लक्ष देत नाहीत. समीक्षकांच्या नोकऱ्या व निर्मात्यांचे उत्पन्न यांवर मात्र त्यांचा परिणाम झाल्याची उदाहरणे आहेत.

गुणांची पट्टी

गुणांकनाच्या पद्धती नियतकालिकांगणिक बदलतात. १९८६ साली सुरू झालेल्या फामित्सू या जपानी नियतकालिकात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि त्यांची चाळीसपैकी बेरीज छापली जाते. आयजीएन या अमेरिकी संकेतस्थळाच्या पट्टीवर सात म्हणजे 'चांगला', सहा म्हणजे 'ठीक' आणि पाच म्हणजे 'सुमार' असे शब्दार्थ दिलेले आहेत. म्हणजेच पट्टीचा मध्यबिंदू या मांडणीत नापसंतीच्या बाजूला पडतो. एज या ब्रिटिश मासिकाने पट्टीचा खालचा भागही मोकळेपणाने वापरला. त्यामुळे तेथील सहा किंवा सात गुणांचा अर्थ इतर ठिकाणच्या त्याच गुणांहून वेगळा लावावा लागतो.

गुण वर सरकण्यामागे अनेक कारणे सांगता येतात. अमेरिकी शाळांत शंभरपैकी सत्तरच्या आसपासचे गुण जेमतेम समजले जातात आणि तीच सवय समीक्षेत उतरली, हे त्यांपैकी एक. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेत ३५ टक्क्यांना उत्तीर्ण, ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी आणि ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य मानणाऱ्या वाचकाला 'शंभरपैकी ६५ म्हणून निराशाजनक' हा निष्कर्ष चमत्कारिक वाटू शकतो. दुसरे कारण निवडीचे आहे. दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या असंख्य गेमांपैकी अगदी निकृष्ट गेमांची समीक्षा सहसा होतच नाही. समीक्षकांपर्यंत पोहोचणारा गेम बहुधा किमान तांत्रिक पातळी गाठलेला असतो. तिसरे कारण नाजूक आहे. गेमांच्या प्रती प्रकाशनापूर्वी प्रकाशकांकडूनच मिळतात आणि नियतकालिकांच्या जाहिरातीही बऱ्याच अंशी त्यांच्याकडूनच येतात.

मेटाक्रिटिक आणि पिवळा पट्टा

मेटाक्रिटिक हे २००१ साली सुरू झालेले संकेतस्थळ अनेक समीक्षकांचे गुण शंभरच्या पट्टीवर आणून त्यांची भारित सरासरी काढते. कोणत्या समीक्षकाला किती वजन दिले जाते, हे जाहीर केले जात नाही. सरासरीला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दिला जातो. मात्र रंगांच्या सीमा सर्व माध्यमांसाठी सारख्या नाहीत. चित्रपटांसाठी हिरवा रंग ६१ पासून सुरू होतो, तर गेमांसाठी तो ७५ पासून. गेमांमध्ये ५० ते ७४ हा पट्टा पिवळा असून त्याचे वर्णन 'संमिश्र किंवा सामान्य' असे केले जाते. ६५ गुणांचा चित्रपट त्यामुळे 'बहुतांशी अनुकूल' गटात मोडतो आणि ६५ गुणांचा गेम 'संमिश्र' गटात. समीक्षकांनी आपली पट्टी वर सरकवली आहे, हे मेटाक्रिटिकने या सीमांद्वारे एक प्रकारे मान्यच केले आहे.

पिवळ्या पट्ट्यातील आकडा नेहमी मध्यम मताचा द्योतक असतो असे नाही. 'संमिश्र' आणि 'सामान्य' या दोन अगदी भिन्न गोष्टी तेथे एकाच नावाखाली येतात. क्लोव्हर स्टुडिओने तयार केलेला व शिंजी मिकामी यांनी दिग्दर्शित केलेला गॉड हँड (२००६) याला आयजीएनने दहापैकी तीन गुण दिले. इतर समीक्षकांपैकी अनेकांनी मात्र त्याच्या मारामारीच्या रचनेची वाखाणणी केली आणि सरासरी सत्तरीच्या घरात आली. डेडली प्रिमोनिशन (२०१०) हे याहून टोकाचे उदाहरण. आयजीएनच्या अमेरिकी आवृत्तीने त्याला दहापैकी दोन, तर डिस्ट्रक्टॉइडने दहापैकी दहा गुण दिले. समीक्षकांत सर्वाधिक मतभेद घडवणारा 'सर्व्हायव्हल हॉरर' गेम म्हणून गिनीज विश्वविक्रमांत त्याची नोंद झाली. ज्या गेमाला मध्यम म्हणणारे फारसे कोणी नव्हते, तो सरासरीत मात्र मध्यमच ठरला.

केन अँड लिंच प्रकरण

मध्यम गुणांवरून उद्भवलेला सर्वांत गाजलेला वाद २००७ सालचा आहे. डेन्मार्कमधील आयओ इंटरॅक्टिव्हने तयार केलेला आणि आयडॉसने प्रकाशित केलेला केन अँड लिंच: डेड मेन हा गेम त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आला. त्या काळात गेमस्पॉट या संकेतस्थळावर त्याची मोठी जाहिरात झळकत होती. त्याच संकेतस्थळाचे संपादकीय संचालक जेफ गर्स्टमन यांनी समीक्षेत त्याला दहापैकी सहा गुण दिले. गेमस्पॉटच्या पट्टीवर सहाचा अर्थ 'बरा' असा होता. हा निर्णय इतरांच्या तुलनेत कठोर नव्हता, कारण मेटाक्रिटिकवरील सरासरीही साठीच्याच घरात होती.

२८ नोव्हेंबर २००७ रोजी गर्स्टमन यांना कामावरून काढण्यात आले. ते तेथे दहा वर्षांहून अधिक काळ काम करत होते. जाहिरातदाराच्या दबावामुळे ही कारवाई झाली, अशी चर्चा लगेच सुरू झाली. कंपनीने ती नाकारली. गोपनीयतेच्या अटीमुळे गर्स्टमन यांना स्वतःची बाजू मांडता आली नाही. पुढील काही महिन्यांत रायन डेव्हिस, ॲलेक्स नव्हारो, ब्रॅड शूमेकर आणि विनी कॅराव्हेला हे सहकारी राजीनामा देऊन बाहेर पडले आणि २००८ साली गर्स्टमन व डेव्हिस यांच्या पुढाकाराने जायंट बॉम्ब हे संकेतस्थळ सुरू झाले.

मार्च २०१२ मध्ये जायंट बॉम्ब विकत घेणारी सीबीएस इंटरॅक्टिव्ह ही कंपनी तोपर्यंत गेमस्पॉटचीही मालक झाली होती. या व्यवहारात गोपनीयतेची अट उठली आणि गर्स्टमन यांनी प्रथमच जाहीरपणे सांगितले की, प्रकाशक जाहिराती काढून घेण्याच्या धमक्या देत असताना नवख्या व्यवस्थापनाने त्यापुढे मान तुकवली. त्याच सुमारास रॅचेट अँड क्लँक मालिकेतील एका गेमाला मिळालेल्या ७.५ गुणांवरूनही कुरबूर झाली होती, असे त्यांनी नमूद केले. नाराजी ओढवून घेणारे हे दोन्ही गुण पट्टीच्या मध्याच्या वरचेच होते, ही बाब लक्षणीय आहे. गेम विक्रीयोग्य नाही असे ते म्हणत नव्हते. त्यावर पूर्ण किंमत खर्च करण्यापूर्वी वाचकाने विचार करावा, एवढेच ते सुचवत होते.

निर्मात्यांवरील परिणाम

मेटाक्रिटिकची सरासरी कंत्राटांतही शिरली. ऑब्सिडियन एंटरटेनमेंटने बेथेस्डासाठी तयार केलेल्या फॉलआउट: न्यू व्हेगस (२०१०) या गेमाच्या करारात विक्रीवरील मानधनाची तरतूद नव्हती, सरासरी ८५ किंवा त्याहून अधिक झाल्यास अतिरिक्त रक्कम मिळणार होती, असे ऑब्सिडियनचे ख्रिस अव्हेलोन यांनी मार्च २०१२ मध्ये सांगितले. सरासरी ८४ वर थांबली. ८४ हा आकडा मध्यम श्रेणीच्या बाहेरचा असला, तरी एका गुणाचे मोल किती असू शकते याचे उदाहरण म्हणून तो वारंवार दिला जातो.

बेंड स्टुडिओचा डेज गॉन (२०१९) याची सरासरी ७१ होती. त्याच्या उत्तरकथेचा प्रस्ताव सोनीने फेटाळला आणि गेम नफ्यात असूनही लांबलेली निर्मिती व समीक्षकांचा संमिश्र प्रतिसाद ही त्यामागची कारणे होती, असे वृत्त ब्लूमबर्गने २०२१ साली दिले.

समीक्षेतील नेहमीचे आक्षेप

मध्यम गुणांच्या समीक्षांचा मजकूर पाहिल्यास त्यांची एक ठरावीक घडण दिसते. आरंभी दृश्यरचना, संगीत किंवा मूळ कल्पना यांची स्तुती येते. नंतर पुनरावृत्ती, तांत्रिक चुका, तोकडी लांबी अथवा उगाच लांबवलेला विस्तार यांवर बोट ठेवले जाते. मॅड मॅक्स (२०१५) या गेमातील वाळवंट आणि मोटारींच्या झुंजी समीक्षकांना आवडल्या, पण एकसुरी कामे खटकली. तो १ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे बहुप्रतीक्षित मेटल गिअर सॉलिड ५: द फँटम पेन याच दिवशी प्रसिद्ध झाला आणि तुलना अटळ ठरली.

पुण्यातील नोडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओच्या राजी: ॲन एन्शंट एपिक (२०२०) या गेमाच्या वाट्यालाही अशीच समीक्षा आली. भाऊ गोलूच्या शोधात निघालेल्या राजी या मुलीची ही कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडते. २०१७ साली किकस्टार्टरवरील निधी-संकलनाची मोहीम अयशस्वी झाल्यानंतरही काम चालू राहिले. भारतीय वास्तुकला व चित्रशैली यांवर आधारलेली दृश्ये समीक्षकांनी वाखाणली. लढतीतील ढिलेपणा आणि कथेचा अचानक होणारा शेवट यांबद्दल गुण कापले. मोठ्या प्रकाशकांच्या गेमांसाठी वापरली जाणारी पट्टी येथेही तीच होती. २०२० च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातील उत्कृष्ट स्वतंत्र गेमाच्या विभागात राजीला नामांकन मिळाले.

पुनर्मूल्यांकन

काही निर्णय कालांतराने बदलले. योको तारो दिग्दर्शित निअर (२०१०) याची सरासरी साठीच्या घरात होती. साधीसुधी दृश्ये आणि 'अमुक वस्तू आणून दे' छापाची कंटाळवाणी उपकामे, हे त्यावरचे मुख्य आक्षेप होते. केइची ओकाबे यांच्या संगीताची मात्र तेव्हाही प्रशंसा झाली. निअर: ऑटोमाटा (२०१७) या पुढील गेमाच्या यशानंतर मूळ गेमाची सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये आली आणि तिची सरासरी ऐंशीच्या वर गेली. कथा बहुतांशी तीच होती. लढतीची रचना व दृश्ये सुधारली होती, आणि वाचकवर्गही आता दिग्दर्शकाला ओळखत होता. यांपैकी कशामुळे किती गुण वाढले, हे सरासरीवरून कळू शकत नाही.

याउलट, पहिल्या निर्णयाची थट्टा होत राहिल्याचेही उदाहरण आहे. एजने १९९४ साली डूमला दहापैकी सात गुण दिले होते. गेमातील राक्षसांशी बोलता आले असते तर, अशी इच्छा त्या समीक्षेत व्यक्त झाली होती आणि तिची टिंगल अनेक वर्षे चालली. तथापि शत्रूंशी संभाषण करता येणारे गेम पुढे लोकप्रिय झाले, त्यामुळे ती इच्छा अगदीच वेडगळ म्हणता येत नाही.

गुणांविना समीक्षा

युरोगेमर या ब्रिटिश संकेतस्थळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये दहापैकी गुण देणे बंद केले. त्याऐवजी 'आवश्यक', 'शिफारस' आणि 'टाळावा' अशी तीन मोहोरवजा लेबले आली. यांत मध्यासाठी लेबलच नव्हते. ज्या गेमाबद्दल समीक्षकाचे मत संमिश्र असे, त्यावर कोणतीही मोहोर उमटत नसे आणि वाचकाला संपूर्ण लेख वाचावा लागे. २०२३ साली युरोगेमरने पाच ताऱ्यांची पद्धत स्वीकारली आणि मध्यम गेमांना तीन ताऱ्यांची जागा मिळाली.