वेटोळं सोडायचं कसं?

मेंदूतला फुगा फुटलेला माणूस शुद्धीवर असला, तर डॉक्टरांना बहुधा एकच वाक्य सांगतो: 'आयुष्यात असं डोकं कधी दुखलं नव्हतं.' हे दुखणं हळूहळू चढत नाही. आत्ता काही नव्हतं, आणि आता सहन होत नाही. कुणाला जिना चढताना होतं, कुणाला संडासात, कुणाला नुसतं बसल्या बसल्या. उलट्या होतात, मान आखडते, काही जण काही क्षण बेशुद्ध पडतात. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या ज्या फटी काळ्या दिसायला हव्यात, त्या पांढऱ्या दिसतात. ते पांढरं म्हणजे सांडलेलं रक्त.

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या कवटीच्या तळाशी एकमेकींना जोडून एक कडं तयार करतात. थॉमस विलिस या इंग्लिश वैद्याने १६६४ साली त्याचं वर्णन केलं. त्याच्या ग्रंथातली चित्रं काढायला हात लावला होता ख्रिस्तोफर रेनने, म्हणजे लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल ज्याने पुढे बांधलं त्यानेच. या कड्याला जिथे जिथे फाटे फुटतात, तिथे रक्ताचा प्रवाह बेचक्यावर येऊन आदळतो. मेंदूतल्या धमन्यांची भिंत शरीरातल्या इतर धमन्यांपेक्षा मुळातच पातळ असते, बाहेरचा लवचीक पदर तिला नसतो. वर्षानुवर्षं मार खाऊन अशा एखाद्या बेचक्यात भिंत हार मानते आणि फांदीला करवंद लागावं तसा एक फुगवटा बाहेर येतो. यालाच अॅन्युरिझम म्हणतात. शंभरातल्या सुमारे तीन प्रौढांच्या डोक्यात असा फुगा असतो आणि बहुतेकांना तो मरेपर्यंत कळतही नाही. फुटण्याचा धोका वाढवण्यात सिगारेट आणि उच्च रक्तदाब या दोघांचा हात मोठा.

फुटल्यावर जे होतं ते मला या साऱ्या प्रकरणातलं पहिलं आश्चर्य वाटतं. हृदयाच्या दाबाने रक्त उसळून बाहेर येतं. धमनीची गळती असूनही रक्तस्राव बहुतेक वेळा थांबतो, आणि तोही आपोआप. कवटी हाडाची, तिला फुगायला जागा नाही. बाहेर आलेल्या रक्ताने आतला दाब क्षणार्धात वाढतो, रक्ताची धार मंदावते, आणि तेवढ्या अवधीत भोकावर गुठळी बसते. माणूस बेशुद्ध पडतो तोही त्याच दाबामुळे. दहातला साधारण एक जण रुग्णालय गाठण्याआधीच जातो. जे पोचतात ते त्या कच्च्या गुठळीच्या भरवशावर. शरीर गुठळ्या जशा करतं तशा विरघळवतंही, आणि पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त असते. दुसरा रक्तस्राव पहिल्यापेक्षा फार घातक. म्हणून एकदा निदान झालं की घाई सुरू होते: फुग्यात रक्त जाणंच बंद करायचं, धमनीतला प्रवाह मात्र चालू ठेवायचा.

बाहेरून जायचा रस्ता जुना आहे. कवटी उघडायची, मेंदू हलकेच बाजूला सारायचा, फुग्याच्या मानेवर चिमटा लावायचा. वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये चांदीची क्लिप लावून हे करून दाखवलं. आजही ही शस्त्रक्रिया होते आणि काही रुग्णांसाठी तीच योग्य असते.

आतून जाण्याची गोष्ट वेगळी. रक्तवाहिन्यांचा रस्ता जांघेपासून किंवा मनगटापासून मेंदूपर्यंत अखंड आहे. तो दिसायला हवा, एवढीच पहिली अडचण. लिस्बनमध्ये एगास मोनिश यांनी १९२७ साली जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्या पहिल्यांदा एक्स-रेवर उमटवल्या. (त्यांना १९४९ चं नोबेल मिळालं ते मात्र लोबोटॉमीसाठी. नोबेल समितीने चुकीच्या कामाला हार घातला, असं माझं मत.) मग मॉस्कोच्या बुर्देंको संस्थेतल्या फ्योदोर सर्बिनेंको यांनी नळीच्या टोकाला इवलासा फुगा लावून तो धमनीत पोचवला, फुगवला आणि तिथेच सोडून दिला. रेड स्क्वेअरमध्ये मे दिनाला मुलांच्या हातातले फुगे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. त्यांचा १९७४ चा शोधनिबंध प्रसिद्ध झाल्यावर पाश्चिमात्य डॉक्टरांना कळलं की मेंदूच्या आत नळीने काम करता येतं.

पण धमनीतला फुगा बंद करायला रबराचा फुगा बरा नव्हता. अॅन्युरिझम कधीच नीट गोल नसतो, त्याला कोपरे असतात, लोंबणारी पिल्लं असतात. गोल फुगा आत ताणला की पातळ भिंतीवर दाब येतो, आणि जिथे आधीच फाटलंय तिथे दाब देणं म्हणजे जिवाशी खेळ. मऊ तारेची वेटोळी भरावीत असंही लोकांना सुचलं होतं. त्यांची अडचण दुसरी: ती नळीतून ढकलली की गेली. आकार चुकला, एखादा वेढा धमनीत लोंबला, तरी परत घेता येत नव्हती. नळी मेंदूपर्यंत पोचवणं तोवर जमू लागलं होतं. अडलं होतं ते सोडण्यापाशी. नेमकं हवं तेव्हा सुटेल आणि तोवर हातात राहील, असं काही कुणाकडे नव्हतं.

हे कोडं रोमचे मेंदूशल्यचिकित्सक ग्विदो गुल्येल्मी यांनी सोडवलं. खरं तर ते भलतंच काहीतरी शोधत होते. त्यांना फुग्यात वीज सोडून रक्त गोठवायचं होतं. रक्तातल्या पेशी, बिंबिका आणि फायब्रिनोजेन यांच्यावर ऋण भार असतो, म्हणजे धन विद्युताग्र आत ठेवलं तर त्या त्याच्याकडे ओढल्या जातील असा हिशेब. प्राण्यांवर प्रयोग करताना त्यांच्या लक्षात आलं की पोलादी तारेचं टोक विजेमुळे झिजून तुटून पडतंय. शाळेत विद्युतअपघटन शिकलेल्याला यात नवल वाटणार नाही: धन टोकाशी लोखंडाचे आयन द्रावणात उतरतात, आणि रक्त म्हणजे खारट द्रावणच. प्रयोगापुरतं पाहिलं तर ही खोड. तारेपुरतं पाहिलं तर कुलूप उघडायची किल्ली.

१९८९ मध्ये फर्नांडो विन्युएला यांच्या निमंत्रणावरून ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. तिथे टार्गेट थेराप्युटिक्स कंपनीचे अभियंते इव्हान सेपेटका यांच्यासोबत त्यांनी पोलादी तारेच्या टोकाला प्लॅटिनमचं वेटोळं, म्हणजे कॉइल, जोडलं. प्लॅटिनम मऊ, एक्स-रेत ठळक दिसणारं, आणि मुख्य म्हणजे राजधातू: त्याच विजेने पोलाद झिजतं, प्लॅटिनमला काही होत नाही. पोलादी तारेवर सगळीकडे टेफ्लॉनचं आवरण, फक्त जोडाजवळचा एक कणभर भाग उघडा. धन टोक तारेला, ऋण टोक रुग्णाच्या कातडीत टोचलेल्या सुईला. प्रवाह जेमतेम एक मिलिअँपिअर. तेवढा उघडा भाग विरघळला की वेटोळं मोकळं. १९९० मध्ये पहिले रुग्ण, १९९१ मध्ये शोधनिबंध, १९९५ मध्ये अमेरिकेत सरकारी मान्यता.

आज हे काम होतं ती खोली कॅथ लॅब. रुग्णाला भूल दिलेली, डोक्याभोवती दोन दिशांनी एक्स-रे यंत्रं, सगळ्यांच्या अंगावर शिशाचे जड अंगरखे. पडद्यावर हाडं दिसत नाहीत. संगणकाने आधी घेतलेलं चित्र नंतरच्या चित्रातून वजा केलेलं असतं, त्यामुळे उरतं फक्त रक्तवाहिन्यांचं झाड. जांघेतून मोठी नळी मानेपर्यंत, तिच्यातून एक मिलिमीटरपेक्षाही बारीक मायक्रोकॅथेटर. तिचं टोक त्या रुग्णाच्या फुग्याच्या कोनानुसार वाकवायचं असतं, आणि ते कसं? आत बारीक तार घालून वाफेवर धरायचं. एवढ्या यंत्रांच्या गर्दीत हे काम वाफेवर चालतं, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

टोक फुग्यात शिरलं की पहिलं वेटोळं. केसाहून बारीक प्लॅटिनमची तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, आणि त्या स्प्रिंगला आधीच शिकवलेला आकार. नळीत सरळ असते, बाहेर पडताच आपल्या वळणावर जाते. डॉक्टर ती मिलिमीटर मिलिमीटर ढकलतात, कारण नळीत साठलेला ताण एकदम सुटला तर टोक पुढे उडी घेऊन भिंत फाडू शकतं. वेढा मानेबाहेर आला? ओढून घ्या, पुन्हा घाला. तीनदा, चारदा. रंगद्रव्य सोडून पाहा, धमनी मोकळी आहे ना. पडद्यावरच्या दोन खुणा एकमेकींवर आल्या म्हणजे जोड नळीच्या तोंडाबाहेर आला. मग बटण. सुरुवातीच्या काळात सुटायला काही मिनिटं लागायची, आता काही सेकंद. पहिल्या मोठ्या वेटोळ्याने पिंजरा होतो, पुढची लहान होत होत आतली जागा भरतात.

'भरतात' म्हणायचं खरं, पण खचाखच भरलेल्या फुग्यातही धातू साधारण चौथा हिस्सा, फार तर तिसरा. बाकीची जागा रक्ताचीच. वेढ्यांमध्ये अडकून ते संथ होतं, संथ झालं की गोठतं, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या गुठळीचं तंतुमय ऊतीत रूपांतर होऊ लागतं. म्हणजे पहिल्या दिवशी बाहेरून भोक बुजवलं तेही रक्ताने, आणि आतून पोकळी बुजवतं तेही रक्तच. विजेने गोठवण्याच्या गुल्येल्मींच्या मूळ कल्पनेचा वाटा यात फारसा नाही, असं आज मानलं जातं. वीज आली होती गुठळी करायला, कामी आली ती तार तोडायला. आणि आताशा काही कॉइल विजेशिवाय, यांत्रिक पद्धतीनेही सुटतात.

क्लिप बरी की कॉइल, या वादाला २००२ मध्ये 'आयसॅट' या आंतरराष्ट्रीय चाचणीने तोंड फोडलं. फुटलेल्या अॅन्युरिझमचे २१४३ रुग्ण, दोन्ही उपचार चालतील असे, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. वर्षभराने मृत्यू किंवा परावलंबित्व: कॉइल गटात सुमारे २३.७ टक्के, क्लिप गटात ३०.६. फरक एवढा की भरती मुदतीआधी थांबवली गेली. शल्यविशारदांनी आक्षेप घेतले, ते सगळेच चुकीचे नव्हते: चाचणीत बहुतांश फुगे लहान आणि कड्याच्या पुढच्या भागातले होते. रुंद मानेचा फुगा, किंवा सोबत मेंदूत रक्ताची मोठी गाठ साठलेली असेल, तर आजही कवटी उघडणं शहाणपणाचं ठरू शकतं. पुढच्या वर्षांत कॉइल केलेल्या फुग्यातून पुन्हा रक्तस्राव होण्याचं प्रमाण क्लिपपेक्षा किंचित जास्त आढळलं, तरी दोन्हींत ते फार कमी.

फुगा बंद झाला म्हणजे रुग्ण सुटला असंही नाही. सांडलेलं रक्त विरताना चौथ्या ते चौदाव्या दिवसांत मेंदूतल्या धमन्या आकसतात, त्यातून पक्षाघात होऊ शकतो. म्हणून निमोडिपिनच्या गोळ्या दर चार तासांनी, एकवीस दिवस, मध्यरात्री उठवूनसुद्धा. नातेवाइकांना हा काळ सर्वांत कठीण जातो: 'ऑपरेशन चांगलं झालं म्हणालात, मग आयसीयूतून का सोडत नाही?'

घरी गेल्यावर वेटोळी दाबली जाऊन मानेशी पुन्हा जागा होऊ शकते, त्यामुळे साधारण सहा महिन्यांनी परत चित्र काढून बघतात. ते बऱ्याचदा एमआरआयवरच काढतात. डोक्यात धातू आहे म्हणून घाबरणाऱ्यांना तेव्हा सांगावं लागतं की प्लॅटिनम चुंबकाला दाद देत नाही.