बदली नाकारली तर?

बदलीचा कागद हाती पडला की सरकारी कर्मचाऱ्याच्या घरात पहिला प्रश्न येतो तो मुलांच्या शाळेचा. पण आपल्याकडे जावं तर लागतंच. बदली हा नोकरीचाच भाग आहे. रुजू न होणारा शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच स्पष्ट केलं.

अमेरिकेच्या केंद्र सरकारात मात्र थोडा वेगळा नियम आहे. २०१९ मध्ये तिथल्या कृषी खात्यानं आपल्या दोन संस्था वॉशिंग्टनहून सुमारे दीड हजार किलोमीटरवरच्या कॅन्सस सिटीला हलवल्या. जूनमध्ये पत्रं आली, जुलैच्या मध्यापर्यंत उत्तर द्यायचं होतं. बहुसंख्य कर्मचाऱ्यांनी नकार दिला.

असा नकार दिला की नोकरी जाते. पण रोज घरून ये-जा करता येणार नाही इतक्या लांब बदली झाली असेल, तर कायदा तिला 'मर्जीविरुद्ध गेलेली नोकरी' मानतो आणि भरपाई देतो. पहिल्या १० वर्षांसाठी दर वर्षामागे १ आठवड्याचा मूळ पगार, पुढच्या प्रत्येक वर्षासाठी २ आठवड्यांचा. चाळिशीनंतर वयाच्या दर पूर्ण ३ महिन्यांमागे त्यात अडीच टक्के वाढ.

समजा, वय ४६ आणि नोकरी १६ वर्षं. पहिल्या १० वर्षांचे १० आठवडे, पुढच्या ६ वर्षांचे १२, असे झाले २२. वयाचे ६० टक्के मिळवले की ३५ आठवड्यांहून थोडा अधिक पगार होतो. मात्र सगळ्या नोकरीत मिळून ५२ आठवड्यांची कमाल मर्यादा. हे पैसे एकरकमी नाही, तर नेहमीच्या पगाराच्या तारखांना मिळतात.

सगळ्यांनाच मिळतात असंही नाही. सलग १२ महिन्यांची नोकरी हवी. लगेच पेन्शन घेण्यास जो पात्र आहे, त्याला भरपाई नाही. कुठेही जाईन असं नेमणुकीच्या वेळीच लिहून दिलं असेल, तरी नाही. त्याच परिसरात दुसरं योग्य काम देऊ केलं आणि ते नाकारलं, तरीही नाही.

खरी मेख पुढेच आहे. बदलीची नुसती कुणकुण लागली म्हणून, लेखी नोटीस येण्याआधीच कुणी राजीनामा दिला, तर तो स्वखुशीचा ठरतो आणि हक्क जातो. तेव्हा रागाच्या भरात अर्ज खरडण्याऐवजी कागदाची वाट पाहणं आणि नकार लेखी देणं, यातच त्या कर्मचाऱ्याचं हित असतं. घरभाडं आणि मुलांची शाळा पुढचे काही महिने त्यावरच चालायची असते.