शंभर हा नव्व्याण्णवपेक्षा लहान?

हजेरीपटात क्रमांकासाठी दोनच अंकांपुरती जागा आखली आहे, असे समजा. शंभरावा विद्यार्थी आला तर? घाईत पहिले दोनच अंक लिहिले, की तो दहावा ठरेल! असाच पेच २०२२ साली ब्राउझरपुढे उभा होता.

ब्राउझर म्हणजे संकेतस्थळे उघडून दाखवणारी संगणक-प्रणाली. पान मागताना तो आपली ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो. तीत त्याचे नाव व आवृत्तीचा क्रमांक असतो. काही संकेतस्थळे तो क्रमांक पाहून ब्राउझर जुना की नवा ते ठरवतात आणि जुना वाटल्यास वाचकाला परत पाठवतात.

२००९ साली ऑपेरा या ब्राउझरची दहावी आवृत्ती आली. काही संकेतस्थळे क्रमांकाचा पहिलाच अंक वाचत. त्यांच्या लेखी दहावी आवृत्ती पहिली ठरली! अखेर ऑपेराने ओळीच्या आरंभी ९.८० हाच क्रमांक ठेवला आणि खरा क्रमांक शेवटी लिहिला.

पुढे क्रोम आणि फायरफॉक्स शंभरीला पोहोचले, तेव्हा त्यांच्या निर्मात्यांनी आधीच चाचणी घेतली. ती कशी? शंभरावी आवृत्ती तयार होण्यापूर्वीच, चालू आवृत्तीला 'मी १०० आहे' असे सांगायला लावणारी सोय त्यांनी दिली. बाकी काहीही बदलले नाही. त्यामुळे एखादे संकेतस्थळ अडले, तर दोष क्रमांक वाचण्यातच आहे, हे उघड होई. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो, तेच हे तत्त्व.

अशी काही संकेतस्थळे सापडलीही. फारच अडचण आली तर क्रोमचा मुख्य क्रमांक ९९ वरच थोपवायचा, अशी तजवीज होती. पण तिची गरज पडली नाही. २९ मार्च २०२२ रोजी क्रोम १०० आणि ३ मे रोजी फायरफॉक्स १०० आपापल्या खऱ्या क्रमांकानिशी बाहेर पडले.

आता हे करून पाहा. ९, १०, ९९ आणि १०० हे क्रमांक शब्दकोशातील शब्दांप्रमाणे, डावीकडून एकेक अंक ताडून, क्रमाने लावा. १०, १००, ९, ९९ असा क्रम येईल. संगणकाला 'ही संख्या आहे' असे सांगितले नाही, तर तोही हेच करतो. चूक संगणकाची की सांगणाऱ्याची? विचार करा!